चौदा लारीची सापेरावी

आधी हिशोब सांगतो, मग चव. ७५० मिलीच्या एका वाइनच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. माझ्या एक एकर शिराझला, म्हणजे वाइनच्या द्राक्षाला, गेल्या हंगामात किलोमागे ४५ रुपये मिळाले. म्हणजे बाटलीत माझे छप्पन रुपये. असल्याच द्राक्षाची बाटली नाशिकच्या दुकानात आठशे-हजाराला दिसली की पोटात जे कालवतं, त्यासाठी वाइन प्यावी लागत नाही. त्यामुळे कुठलीही बाटली हातात घेतली की मी किंमतीतून आधी द्राक्ष वजा करतो, आणि उरलेले पैसे कुणाच्या खिशात गेले ते शोधत बसतो. घरच्यांना या सवयीचा कंटाळा आलाय.

एप्रिलची खरड छाटणी उरकली, सबकेनचं, म्हणजे फुटीचे शेंडे खुडायचं, काम पोराच्या गळ्यात टाकलं आणि मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे दुबईला गेलो. तिथल्या उन्हापुढे निफाडचं ऊन म्हणजे सावलीच. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "अप्पा, जॉर्जियाला जाऊ. तुमच्या द्राक्षाचं मूळ गाव आहे ते." विमानानं साडेतीन तास, सहा दिवसांचा मुक्काम. जावईबापू आणि मी पिणारे, मुलगी चाखणारी, आणि आमची मंडळी माळकरी, म्हणजे फक्त वास घेणारी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे फार कामाला आलं.

राजधानी त्बिलिसीत पहिल्या संध्याकाळी दूध आणायला म्हणून एका सुपरमार्केटात शिरलो. कांद्या-बटाट्याच्या टोपल्या संपल्या की लगेच वाइनची मांडणी सुरू, आणि ती संपेचना. २०२२ साली आपल्याकडे सुपरमार्केटात वाइन ठेवायच्या निर्णयावरून केवढं रामायण झालं होतं ते आठवलं. इथं एक आजीबाई पाव, अर्धा किलो चीज आणि पांढऱ्या वाइनची एक बाटली पिशवीत टाकून निघाल्या, आणि त्यांच्याकडे बघत उभा राहिलेला अख्ख्या दुकानात मी एकटा.

मी १४ लारीची सापेरावी उचलली. लारी हे तिथलं चलन, आम्हाला साधारण ३१ रुपयांना पडला, म्हणजे बाटली ४३४ रुपयांना. सापेरावी हे द्राक्षाचं नाव, अर्थ साधारण 'रंग देणारं'. आता काळं द्राक्ष म्हटलं तरी बहुतेक जातींचा रस पांढराच असतो. माझ्या शिराझचा मणी फोडून बघा, आतून हिरवट. रंग सगळा सालीत. सापेरावीचा मात्र गरसुद्धा लाल. त्यामुळे वाइन एवढी गडद होते की पेल्याच्या खाली बोट धरलं तर दिसत नाही.

हॉटेलवर चहाच्या कपातच ओतली, कारण पेले नव्हते. पहिला घोट म्हणजे सरळ जांभूळ. पण दुकानातलं गोड जांभूळ नव्हे, झाडाखालचं, अर्धं आंबट, जीभ घट्ट धरणारं. मागून करवंदासारखा आंबटपणा. दारूचा जळजळीत वास नाही, लाकडाचा सुगंध चोपडलेला नाही. जावईबापूंनी आरशात दात बघितले, निळे. या एका बाटलीसाठी मी पुन्हा जॉर्जियाला जाईन असं म्हणणार नाही, पण ४३४ रुपयांत द्राक्षाचीच चव लागते आणि दुसरं काही लागत नाही, हे मला फार आवडलं. सहा दिवसांत आम्ही ती तीनदा घेतली. एकदा चुकून बारा लारीची दुसरी उचलली, ती पातळ निघाली, तिचं नाव विसरलो ते बरंच.

दुसऱ्या दिवशी फसलो, आणि फसलो ते वाचता न आल्यामुळे. किंझमारौली म्हणून बाटली घेतली, सापेरावीचीच, म्हटलं ओळखीची आहे. ती निघाली अर्धगोड. आंबवण मध्येच थांबवून साखर राखलेली. वाईट नव्हती, मुलीनं आवडीनं प्यायली, पण जेवणासोबत मला तर सरबत प्यायल्यासारखं झालं. तुम्हाला कोरडी हवी असेल तर एक शब्द पाठ करा: म्श्राली. त्सितेली म्हणजे लाल आणि तेत्री म्हणजे पांढरी. तेत्री तर विसरायचीच नाही, कारण लारीच्या सुट्या पैशालाही तेत्रीच म्हणतात. एवढ्या तीन शब्दांवर दुकानदार तुम्हाला घरचं माणूस समजतो. पांढऱ्यांत त्सिनंदाली घ्यावी. र्कात्सितेली आणि म्त्स्वाने या दोन द्राक्षांची मिसळ, १८ लारी, फ्रिजमधून काढून अक्रोडाची चटणी भरलेल्या वांग्यासोबत. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, गप्प बसून प्यायची वाइन आहे.

आता एक तक्रार. जुन्या शहरात, सल्फरच्या न्हाणीघरांकडे जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये, दर दहा पावलांवर 'फुकट चाखा' अशी पाटी. एका दुकानात शिरलो. नाव देत नाही, कारण अशी तिथे बरीच दिसली. औषधाच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या पेल्यातून चार वाइन दिल्या, चारही गोड. मग डाळिंबाची वाइन म्हणून एक दिली. मी बागेतला माणूस, साखरेचा पाक जिभेला लगेच कळतो. सहाव्याला पोरगा म्हणाला, ही खास, ६० लारी. लेबल सोनेरी, उठावाची अक्षरं. सापेरावीच होती, आणि चांगली होती, म्हणून घेतली. संध्याकाळी सुपरमार्केटात तीच बाटली, तेच लेबल, २४ लारी. छत्तीस लारी म्हणजे अकराशे सोळा रुपये मी त्या सहा टोपणांचे दिले. त्या रात्री मंडळींनी मला हिशोबाच्या सवयीवरून जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर शहाणपण आलं आणि आम्ही डेझर्टर बाजारात गेलो. रेल्वे स्टेशनाशेजारचा मोठा बाजार. १९२०च्या सुमाराला पळून आलेले सैनिक इथे आपली हत्यारं विकायचे, त्यावरून नाव पडलं म्हणतात. आता चीज, मसाले, मधाची पोळी, आणि दोऱ्याला टांगलेल्या मेणबत्त्या. मंडळी म्हणाल्या, "एवढ्या मेणबत्त्या कोण विकत घेतं?" त्या मेणबत्त्या नव्हत्या, चुर्चखेला होती. अक्रोड दोऱ्यात ओवायचे, द्राक्षाचा रस पीठ घालून शिजवायचा, त्यात माळ पुन्हा पुन्हा बुडवायची आणि वाळवायची. तिनं दोन खाल्ल्या, चार बांधून घेतल्या. द्राक्षाचा एवढा खप तिला एकटीला मंजूर झाला.

त्याच बाजारात बायका घरची वाइन विकायला बसलेल्या. बाटल्या कोकच्या, पाण्याच्या, दोन-दोन लिटरच्या. लिटरला ६ लारी, म्हणजे १८६ रुपये. लेबल नाही, बूच नाही, उरलेले पैसे कुणाच्या खिशात हा प्रश्नच नाही, कारण बाई समोरच बसलेली. माझ्यासारख्याचा स्वर्ग. पण पहिल्याच ठिकाणी मी टोपण उघडून तोंडाला लावणार, तेवढ्यात मंडळी मागून म्हणाल्या, "अहो, थांबा. शिर्का झालाय त्याचा." हातभर लांबून सांगितलं. मी चाखून बघितलं, खरंच उतरलेली होती, टोकाला व्हिनेगरचा झटका. पुढच्या तीन ठिकाणी मग मी आधी बाटली तिच्या नाकाखाली धरायचो. विकणाऱ्या बायकांना वाटलं ही कुणीतरी मोठी जाणकार. तिसऱ्या बाटलीला ती म्हणाली, "ही बरी आहे, मनुक्यासारखी." ती दोन लिटर घेतली आणि ती उत्तम निघाली. बाजारातल्या बाटलीबंद नसलेल्या वाइनबाबत माझा सल्ला एवढाच: चाखायला दिल्याशिवाय घ्यायची नाही, घेतली तर त्याच दिवशी संपवायची, आणि माळकरी माणूस सोबत न्यायचा.

चौथ्या दिवशी टॅक्सी ठरवून गोंबोरी घाट ओलांडला आणि काखेतीत उतरलो. जॉर्जियाचं द्राक्ष म्हणजे मुख्यतः हा भाग. घाट संपला की खाली अलाझानी नदीचं खोरं, सगळीकडे वेली, आणि पलीकडे बर्फ घेतलेला कॉकेशस. मला आधी वेलीच दिसल्या. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, कमरेएवढ्या उंचीवर तार आणि खोडाला दोन बाजूंना दोन काड्या. मेमध्ये त्यांना चांगली फूट आलेली. आपल्या वेलीला झोप माहीत नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि एकदा पीक घेतो. इथली वेल हिवाळाभर झोपते, एक छाटणी पुरते. तेलावीजवळच्या गावात ज्यांच्या घरी उतरलो त्या आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नातीकडे बघून काहीतरी विचारलं. ती हसून म्हणाली, "बाबुआ म्हणतोय, मग तुमची वेल दमत नाही का?" बाबुआ म्हणजे आजोबा. आणि त्या भाषेत बापाला मामा म्हणतात, हे कळल्यावर आमच्या घरात दोन दिवस दुसरा विनोद चालला नाही. गारपिटीचा विषय निघाला तर म्हणाले, इथे सरकार ढगांवर रॉकेट मारतं. मी वर बघितलं, आणि माझ्या २ एकर थॉम्पसन द्राक्षांची गारपिटीची ती रात्र आठवली.

घर साधं. चार खोल्या पाहुण्यांना, अंगणात मांडवावर वेल, मागे मारानी, म्हणजे वाइनचं कोठार. आत मशिनरी काही नाही. मातीची जमीन आणि तिच्यात सात तोंडं. मंडळी दारातच थबकल्या. "अहो, हे तर आपल्या वाड्यातलं पेव."

ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या वाड्यात जमिनीखाली धान्य साठवायचा खड्डा असायचा, वर फक्त तोंड. क्वेव्री तशीच, पण मातीचा भलामोठा अंड्यासारखा रांजण, गळ्यापर्यंत पुरलेला. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी झाली की द्राक्षं लाकडाच्या डोणीत तुडवायची, आणि काखेतीच्या पद्धतीत रस, साल, बी, देठ सगळं रांजणात. आंबण्याचा जोर ओसरला की झाकण ठेवून मातीनं लिंपायचं आणि वसंतापर्यंत विसरायचं. जमीनच फ्रिज. खाली निमुळतं असल्यानं बिया तळाशी जाऊन बसतात आणि कडू उतरत नाही. त्बिलिसीच्या दक्षिणेला आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले आहेत, आणि क्वेव्रीची पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. पण आजोबांना त्याचं काही नव्हतं. ते चेरीच्या सालीचा ब्रश दाखवण्यात गुंग होते, ज्यानं रांजण आतून घासतात. माणूस आत उतरून घासतो म्हणे.

दोन रांजण उघडून झाले होते, तिसरा आमच्यासमोर उघडला. फावड्यानं लिंपण खरवडलं, ओल्या फडक्यानं कड पुसली, झाकण सरकवलं. मी वाकायच्या आधी मंडळी वाकल्या होत्या. डोळे मिटून म्हणाल्या, "मुरांब्याच्या बरणीचा दादरा सोडला की येतो ना, तसा." मी नंतर वाइनवरच्या पुष्कळ मोठ्या माणसांची वर्णनं वाचली, वाळलेली जर्दाळू, अक्रोड, मध, संत्र्याची साल. सगळं बरोबर आहे. पण दादरा सोडल्याचा वास हे जास्त बरोबर आहे.

लांब दांडीचं भोपळ्याचं ओगराळं आत सोडून त्यांनी मातीच्या वाट्या भरल्या. पांढऱ्या द्राक्षाची, र्कात्सितेलीची वाइन, पण रंग पातळ केलेल्या मधाचा. सालीत सहा महिने बसल्यामुळे हा रंग येतो. पहिला घोट मला आवडला नाही, प्रामाणिकपणे सांगतो. पांढरी म्हणून गुळगुळीत काहीतरी येईल या हिशोबानं घेतली, आणि लाल वाइनसारखा तुरटपणा हिरड्यांना चिकटला. दुसऱ्या घोटाला अक्रोडाची साल. तिसऱ्यानंतर एक गंमत झाली. आवळा खाऊन वर पाणी प्यावं आणि मागाहून गोडवा चढावा, तसा गोडवा आला. साखर नाही हे मला माहीत होतं, तरी आला. पाव, मीठवालं चीज आणि राजम्याची लोबिओ समोर आली तेव्हा कळलं की ही नुसती प्यायची वाइनच नाही. जेवणाशिवाय हिला अर्थ नाही. फ्रिजमध्ये गार करून तर अजिबात पिऊ नका, तुरटपणा तेवढा उरतो. त्बिलिसीत एका ठिकाणी आम्हाला हीच जात बर्फात ठेवून दिली होती आणि मी तिच्यावर उगाच काट मारली होती.

दर विचारला. पाहुण्यांना लिटरला १० लारी, जेवताना लागेल तेवढी जेवणातच. मग मी माझा हिशोब नातीमार्फत आजोबांना सांगितला, ४५ रुपये किलो, सव्वा किलो, छप्पन रुपये. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. नात भाषांतर करताना जरा घुटमळली. "तो विचारतोय, सगळी विकता? मग घरी काय पिता?"

मी म्हटलं, चहा.

आजोबांनी माझी वाटी पुन्हा भरली आणि उभे राहून काहीतरी बोलले, वेलीसाठी, माझ्या आणि त्यांच्या. शेवटी "गाउमार्जोस", म्हणजे तिथलं चिअर्स. मंडळींनी पाण्याचा पेला उचलला. नंतर चाचा नावाची चोथ्यापासून गाळलेली पक्की दारू आली. मोहाची घेतलेल्या माणसाला तिची भीती वाटणार नाही, पण एका पेल्यावर थांबावं. जावईबापू थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराव्या शतकातलं अलावेर्दीचं चर्च बघायचं होतं, जिथे मठातले साधू स्वतः क्वेव्रीत वाइन करतात. जावईबापूंनी ते गाडीच्या काचेतून बघितलं. "साधू? आणि वाइन?" या प्रश्नावर मंडळींचं समाधान मात्र शेवटपर्यंत झालं नाही.

स्वस्त वाइन एवढी चांगली का, याचं एक कारण मला टॅक्सीवाल्यानं दिलं आणि ते लगेच पटलं. २००६ साली रशियानं जॉर्जियन वाइनवर बंदी घातली. बहुतेक माल तिकडेच जायचा, बराचसा गोडमिट्ट, कसाही केलेला. २०१३ पर्यंत बंदी चालली. त्या वर्षांत यांना दुसरी गिऱ्हाइकं शोधावी लागली आणि त्यांच्यासाठी नीट वाइन करावी लागली. निर्यातबंदी आणि आयातबंदी म्हणजे काय, हे लासलगावच्या शेजारी राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या कांद्याला बंदीनं असं काही शिकवल्याचं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

येताना भारतात माणशी दोन लिटर आणता येते. माझ्या नावावर दोन, आणि उरलेल्या दोनसाठी मी बॅग भरताना मंडळींकडे बघितलं. "माझ्या नावावर दारू?" एवढंच म्हणाल्या. मग स्वतःच उठून बाटल्या आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या, कारण माझ्या हातची गुंडाळी तिला पटत नाही. आजोबांनी त्यांच्या रांजणातली दीड लिटर पाण्याच्या बाटलीत भरून दिली होती. ती गळ्यापर्यंत भरलेली, आत हवा नाही, टोपणावर चिकटपट्टी. बाटलीबंद नाही म्हणून दुबईहून पुढे भारताच्या विमानात न्यायची हिंमत झाली नाही. ती दुबईतच जावईबापूंकडे ठेवली. चाचाच्या रात्रीचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी ती आठवडाभर उघडली नाही आणि मग उघडली तर शिर्का. अशी उघडी वाइन प्रवासाची नाहीच, तिथेच प्यायची. घरी आणायची असेल तर दुकानातली बूच लावलेली क्वेव्री वाइन घ्या. आम्हाला ३५ लारीला मिळाली, १०८५ रुपये. स्वस्त नाही, पण त्या पैशात मेण, माती आणि सहा महिने आहेत, सोनेरी अक्षरं नाहीत.

ती बाटली जूनमध्ये पॅकिंग शेडवर उघडली. पाऊस लागायचा होता, शेजारचे दोघं बागाईतदार आले होते. एकानं रंग बघून विचारलं, कोरा चहा आहे का. दुसऱ्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पुन्हा घेतला, थोडा वेळ गप्प बसला. मी वाट बघत होतो, आवळा म्हणतोय का.

तो म्हणाला, "किलोला काय भाव देतात रे तिकडं द्राक्षाला?"

सहा दिवस मी तिथल्या प्रत्येक बाटलीचा दर लिहून घेतला होता, वहीच आहे. हे तेवढं विचारायचं राहून गेलं.